मदत हवी आहे : पद्मिनीचा स्टिअरिंग गिअर काढून फ्लोअर गिअर बसवायचाय, पत्रा कापू का?

मंडळी, गाडी 1974 ची प्रीमियर पद्मिनी. बाबांनी घेतलेली, सध्या मुलुंडला सोसायटीच्या शेडखाली असते. इंजिन मूळचंच, 1089 सीसी. रोजची गाडी नाही. रविवारी सकाळी दादरपर्यंत फेरी आणि गणपतीत गिरगावला आत्याकडे, एवढंच तिचं काम.

दुखणं गिअरचं आहे. स्टिअरिंगवरचा दांडा न्यूट्रलमध्ये चार बोटं नुसताच लोंबकळतो. गेल्या महिन्यात लालबागच्या पुलावर चढताना तिसऱ्यातून दुसऱ्यात घ्यायला गेलो, तर दांडा मधेच अडकला. ना दुसरा, ना न्यूट्रल. मागे बेस्टची बस, तिच्यामागे अख्खं परळ. बॉनेट उघडलं, तापलेल्या इंजिनाच्या कडेने हात खाली घातला आणि चाचपडत रॉड हलवला तेव्हा कुठे सुटला. मनगटावरचा डाग अजून आहे. शेजारून एक टॅक्सीवाले काका काच खाली करून म्हणाले, "आमच्याकडे हे रोजचं होतं हो!" आणि हसत निघून गेले.

आता माझा मुलगा हॉट रॉडचे (जुन्या गाड्या हवं तसं बदलून बनवलेल्या वेगवान गाड्यांचे) व्हिडिओ बघून पेटलाय. जमिनीतून वर आलेला लांब दांडा, त्यावर पांढरा गोळा. मलाही मोह झालाय, खोटं कशाला बोलू.

कुर्ल्याचे एक उस्ताद म्हणतात, शेवटच्या वर्षांतल्या पद्मिनीचा निस्सान गिअरबॉक्स आहे, टनेलचा (गिअरबॉक्सवरच्या मधल्या उंचवट्याचा) पत्रा गॅसने कापून दोन दिवसांत बसवून देतो. मजुरीसकट पंचवीस हजार. त्या गाड्यांना फ्लोअर गिअर कारखान्यातूनच यायचा, हे मलाही माहीत आहे. पण त्यांच्याकडचा बॉक्स पद्मिनीचा की 118 एनईचा (प्रीमियरचीच दुसरी गाडी), हे कसं ओळखायचं? पुढची सीट अखंड बेंच आहे, दांडा तिला आपटेल का? आणि आरटीओचं काय? गाडीला पन्नास वर्षं झाली, उद्या व्हिंटेज नोंदणी करावीशी वाटली तर कापलेला पत्रा आडवा येईल का?

परळचा पाना :
थांबा. कटर लावायच्या आधी एक रविवार द्या आणि पोराला हाताशी घ्या.

इंजिन बंद. पोराला सीटवर बसवून दांडा हलवायला सांगा, तुम्ही बॉनेटमधून बघा. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत प्रत्येक सांध्यावर बोट ठेवा. जिथे अलीकडचा तुकडा हलतो आणि पलीकडचा जागचा हलत नाही, तिथला बुश (सांध्यातली झिजणारी कडी) खल्लास. मग गाडीखाली जाऊन (जॅकवर नाही, स्टँडवर!) रॉड सोडा आणि गिअरबॉक्सवरचे लिव्हर हाताने फिरवा. चारही गिअर आणि रिव्हर्स टकटक पडले, तर बॉक्सला बहुतेक काही झालेलं नाही. तुमचा गिअर नाही, त्याच्याशी बोलणाऱ्या सळ्या म्हाताऱ्या झाल्यात.

आणि इंजिन माउंटिंग बघा. रबर फाटलं की क्लच सोडताना इंजिन एका बाजूला झुकतं. गिअरबॉक्स इंजिनाबरोबर झुकतो, स्टिअरिंग कॉलम मात्र बॉडीला बांधलेला. मग रॉडची लांबी जुळणार कशी? पुलावर चढताना अडकला म्हणताय, तेव्हा इंजिनावर ताण होता. मला पहिला संशय तिथेच आहे.

बॉक्सचं म्हणाल तर नुसता दांडा बघून पैसे देऊ नका. 118 एनईचं इंजिन निस्सानचं, 1171 सीसी. तिचं बेलहाउसिंग (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारं घंटेसारखं कवच) तुमच्या फियाट इंजिनाला सरळ लागेल असं धरून चालू नका. तुमच्या इंजिनाच्या मागच्या तोंडाचा पुठ्ठ्यावर छाप घ्या, बोल्टची भोकं पाडा आणि तो पुठ्ठा कुर्ल्याला घेऊन जा. क्लच प्लेटही सोबत न्या, तिचे दाते नव्या शाफ्टवर बसले पाहिजेत. पुढे प्रोपेलर शाफ्टची लांबी, स्पीडोमीटरची केबल, क्रॉस मेंबरची भोकं. उस्तादांच्या दोन दिवसांत हे सगळं धरलंय का, ते विचारा.

गिरगावची ताई :
हॉट रॉडचा विषय निघालाच आहे तर सांगते, अमेरिकेतल्या पोरांचं काम सोपं होतं. फोर्डने 1940 च्या मॉडेलपासून दांडा स्टिअरिंगवर नेला, म्हणजे पुढच्या बाकावर तिघं ऐसपैस बसतील. हॉट रॉडवाले काय करायचे, 1939 चा बॉक्स शोधून आणायचे. त्याच घराण्यातला, दांडा थेट झाकणातून वर येणारा. आपल्या फियाटचा बॉक्स असा नाही. त्यावर दांडा बसवायचा तर एक तर मधे नवी जोडणी बनवावी लागते, नाही तर अख्खा बॉक्सच बदलावा लागतो.

बेंच सीटचं उत्तर : आपटेल. निदान दुसऱ्या आणि चौथ्या गिअरला, दांडा मागे येतो तेव्हा. माझ्या मामेभावाने तसाच बसवला आणि मग सीटला अर्धचंद्राकृती खाच पाडली. उन्हाळ्यात त्या भोकातून इतकी धग यायची की मधे बसायला कोणी तयार होईना. कापणारच असाल तर आधी सीट जागेवर ठेवून झाडूची दांडी दोरीने बांधा आणि पाचही जागा फिरवून बघा. हसू नका, आम्ही हे नंतर केलं.

फाइलवाला :
आरटीओपुरतं लिहितो. व्हिंटेजचे नियम जुलै 2021 चे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, खासगी आणि मूळ रूपात राखलेली गाडी हवी. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. टनेल कापणं म्हणजे बॉडी शेलला हात लावणं, असं उद्या तपासणाऱ्याने म्हटलं तर तुमच्याकडे उत्तर नसेल. फी नव्या नोंदणीला 20,000 रुपये. मात्र त्या नंबरावर गाडी रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशा कारणांपुरतीच. तुमची आत्या त्यात बसत नाही! शिवाय साध्या नोंदणीवरही मोटार वाहन कायद्याचं कलम 52, गाडीत बदल करण्याबद्दलचं, आहेच. कापायच्या आधी लेखी विचारा.

धागाकर्ता :
सगळ्यांचे आभार. काल पोराबरोबर साडेचार तास गेले. रॉड सोडून लिव्हर फिरवले, पाचही गिअर लोण्यासारखे. डाव्या माउंटिंगचं रबर मधोमध चिरलंय, पत्र्याची पट्टी आत जाऊ शकते एवढं. आणि कॉलमच्या तळाचा बुश बाहेर काढला, तर त्याचं भोक गोल उरलेलंच नाही, चपटं झालंय, लांबोडक्या भोपळ्याच्या बीसारखं. पोरगा ते हातात घेऊन बराच वेळ बघत बसला.

उस्तादांना फोन करून थांबायला सांगितलं. नाराज झाले, पण बॉक्स महिनाभर ठेवतो म्हणाले. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 ला रस्त्यावरून कायमच्या हटल्या तेव्हा भंगारातून बराच माल आला, आता तोही संपत चाललाय म्हणे. म्हणून तयार बुशच्या मागे न लागता लेथवर करून घेतो.

आता एकच : बुश नायलॉनचा करू की गनमेटलचा (काशाच्या जातीच्या मिश्रधातूचा)?

परळचा पाना :
खालचा गनमेटल, ग्रीस भरायला खाच ठेवून. वरचा नायलॉन, नाही तर दांड्यातून इंजिनाची घरघर तुमच्या हातात येईल. माउंटिंग मात्र दोन्ही बाजूंची एकदम बदला, एकच बदलू नका. आणि पोराला तो पांढरा गोळा आणून द्या, स्टिअरिंगच्या दांड्यालाही बसतो, फक्त आटे जुळवून घ्या.