मदत हवी आहे: बूटच्या वेळी ६४ एमबी सलग मेमरी नेमकी कुठे मागावी?

लिनक्स कर्नल ६.१, एक्स८६-६४. ड्रायव्हर कर्नलमध्येच बिल्ट-इन आहे, मॉड्यूल नाही. त्याला ४ जीबीच्या खालची ६४ एमबी सलग फिजिकल मेमरी हवी आहे. आकार कमांड लाइनवरून ठरतो.

इनिटकॉलमध्ये (बूटच्या उत्तरार्धात ड्रायव्हर सुरू करणारं फंक्शन) मेमब्लॉक_अलॉक केलं, म्हणजे मेमब्लॉक या बूटच्या सुरुवातीच्या अलोकेटरकडे मेमरी मागितली, तर वॉर्निंग येते आणि नल मिळतो. ते समजतं: तोवर मेम_इनिटने सगळी मोकळी पानं बडी अलोकेटरच्या (कर्नलचा नेहमीचा पानं वाटणारा अलोकेटर) हवाली केलेली असतात, मागणी केझअलॉककडे (कर्नलमध्ये मेमरी मागण्याचं नेहमीचं फंक्शन) वळते, आणि तिथे ४ एमबीच्या वर काही मिळत नाही. उलट अर्ली_पॅरममध्ये (कमांड लाइनचा पर्याय सर्वात आधी वाचणारा हँडलर) मागितलं तर फारच लवकर होतं. ई८२० नकाशा (फर्मवेअरने दिलेली मेमरीची यादी) मेमब्लॉकमध्ये तेव्हा भरलेलाच नसतो.

म्हणून आता अर्ली_पॅरममध्ये फक्त आकार साठवतो आणि सेटअप_आर्च या आर्किटेक्चरची तयारी करणाऱ्या फंक्शनच्या शेवटी मेमब्लॉक_फिज_अलॉक_रेंज बोलावतो. चालतं, मेमब्लॉक=डीबगच्या लॉगमध्ये रेंज व्यवस्थित दिसते. पण एका ड्रायव्हरसाठी आर्किटेक्चरच्या कोडला हात लावायचा, हे काही पटत नाही.

सीएमए (कर्नलची सलग मेमरी राखून ठेवण्याची सोय) नको, कारण पानं हलवण्यात वेळ जातो; मेममॅप= (कमांड लाइनवर ठरावीक पत्ता राखून ठेवणारा पर्याय) नको, कारण प्रत्येक मशीनचा पत्ता वेगळा.

__सेटअप हँडलर (कमांड लाइनचे बाकीचे पर्याय अर्ली_पॅरमनंतर वाचणारे) मेम_इनिटच्या आधी चालतात असं स्टार्ट_कर्नल हे बूटचं मुख्य फंक्शन वाचून दिसतं. मग त्या हँडलरमध्येच मेमरी घेणं सुरक्षित आहे का, की पुढच्या आवृत्त्यांत हा क्रम बदलू शकतो?