मदत हवी आहे: फॉलआउट ४ सर्व्हायव्हल मोड, बेस कुठे हलवू?

पीएस४ वर फॉलआउट ४ हा गेम सर्व्हायव्हल या सगळ्यात अवघड मोडवर खेळतोय, लेव्हल ११. फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून थेट उडी) नाही आणि सेव्ह फक्त झोपल्यावर, हे माहीत होतं, पण सँक्चुअरी (सुरुवातीची वस्ती) ते डायमंड सिटी (मोठं शहर) चालत जाताना सलग तीनदा मेलो आणि दरवेळी तास दीड तास वाया गेला. त्यात आमच्याकडे पुण्यात गुरुवारी लाइट जाते, इन्व्हर्टर नाहीये, म्हणजे मधेच गेली की संपलं. गेममधून बाहेर पडताना होणारा सेव्ह वापरतोच, पण त्यासाठी लाइट जाणार हे आधी कळायला हवं ना.

आत्तापर्यंत रेड रॉकेट आणि स्टारलाइट ड्राइव्ह-इन या वाटेतल्या वस्त्यांवर बेड लावले, पाणी उकळून बाटल्या भरून नेतो, जास्तीच्या गोळ्या घरी ठेवतो कारण इथे त्यांचंही वजन मोजतात. तरी स्टारलाइटच्या पुढे रेडर्सच्या (लुटारूंच्या) मारामाऱ्या, मग आजार, आणि अँटिबायोटिक्स परवडत नाहीत. रस्त्यातल्या गाद्यांवर झोपायची आता भीतीच वाटते.

मॉड (गेममध्ये बाहेरून केलेले बदल) नकोत, ट्रॉफी बंद होतात. डिफिकल्टी कमी केली तर याच खेळात परत सर्व्हायव्हल मिळत नाही, म्हणून तेही नको. बिल्ड (कॅरेक्टरची कौशल्यं) स्टेल्थ म्हणजे लपूनछपून आणि रायफल, कुत्रा सोबत.

हँगमन्स अ‍ॅली डायमंड सिटीच्या अगदी जवळची वस्ती आहे म्हणून तिथेच मुक्काम हलवायचा विचार आहे. लेव्हल ११ ला तिथले रेडर्स झेपतील का, की आधी ब्रदरहुडमध्ये (गेममधली लष्करी संघटना) जाऊन व्हर्टिबर्डची (त्यांचं उडतं वाहन) सोय करून घेऊ?