हीट गनने आलेला रंग टिकत नाही

जुन्या मोटोक्रॉस (मातीतल्या शर्यतीच्या) बाइकच्या, उन्हाने फिकट झालेल्या प्लॅस्टिकच्या मागच्या फेंडरवर (मडगार्डवर) हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारे यंत्र, फिरवले की लाल रंग परत येतो, असे निरीक्षण नोंदवले जाते आणि ते खरे आहे; मात्र तो रंग टिकत नाही, कारण उन्हाने खराब झालेला वरचा थर उष्णतेने केवळ वितळून गुळगुळीत होतो, निघून जात नाही. माझ्या १९८१ च्या होंडा सीआर२५०आरच्या फेंडरवर एका उन्हाळ्यातच पुन्हा गुलाबी झाक आली, तेव्हा मी धारदार ब्लेड उभे धरून तो थर खरवडून काढला आणि मग २२० पासून १००० क्रमांकापर्यंतच्या, म्हणजे खरखरीत ते बारीक, वॉटर पेपरने, पाणी लावत, फेंडर घासला. दोन रविवार त्यात गेले. आतला लाल रंग शाबूत होता, कारण अशा फेंडरांत रंग प्लॅस्टिकमध्येच आरपार मिसळलेला असतो. हीट गन मी आता वाकल्यामुळे पडलेल्या पांढऱ्या रेघांपुरतीच वापरतो.

पेट्रोलच्या टाकीचा विषय मात्र वेगळा आहे. पॉलिइथिलीन या प्लॅस्टिकच्या टाकीतून पेट्रोलची वाफ सूक्ष्म प्रमाणात सतत झिरपत राहते आणि म्हणूनच नव्या स्टिकरखाली फुगे येतात. रिकाम्या टाकीतही ही वाफ उरलेली असते, त्यामुळे तिच्याजवळ हीट गन नेऊच नये.