‘बॅन’ला मराठीत काय म्हणाल? बंदी, तडीपार की वाळीत?

लालबाग, दुसरा माळा: भाचा गेमिंगचं स्ट्रीमिंग करतो. चॅटच्या डोक्यावर पाटीच आहे, ‘नो पॉलिटिक्स’. निवडणुकीच्या दिवसांत कुणी धनुष्यबाण नाहीतर रेल्वे इंजिनाचं इमोजी टाकलं की मॉड, म्हणजे चॅटवर नजर ठेवणारा मॉडरेटर, त्याला बॅन करतो. आता ज्वाळेचं इमोजीही संशयात आलंय. पोरं ते भारी शॉटला टाकतात, मॉडला त्यात मशाल दिसते! तर या ‘बॅन’ला शब्द कोणता? ‘बंदी’ मला फिकी वाटते.

गिरगावकर: फिकी नाही, ढोबळ आहे. सप्टेंबर 2020मध्ये पबजीवर आली ती बंदी. माणसाला मुदत घालून बाहेर काढलं तर मुंबईत शब्द एकच, तडीपार. तडी म्हणजे काठ, ‘तडीस नेणे’मधली तीच. 2019मध्ये हर्थस्टोन या ऑनलाइन पत्त्यांच्या गेमच्या सामन्यानंतर हाँगकाँगचा खेळाडू ब्लिट्झचुंग गॅस मास्क लावून मुलाखतीला बसला आणि हाँगकाँगच्या मुक्तीची घोषणा दिली. गेम बनवणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीने त्याला वर्षभरासाठी काढलं, बक्षिसाचे पैसेही रोखले. जगभर बोंब झाल्यावर पैसे दिले, वर्षाचे सहा महिने केले. मुलाखत घेणारे दोघे समालोचक बिचारे टेबलाखाली वाकले होते, तरी सहा महिने त्यांच्याही वाट्याला आलेच. ही तडीपारी नाही तर काय?

काळा कोट: हरकत आहे. तडीपाराला आधी नोटीस मिळते, बाजू मांडता येते, शासनाकडे अपील करता येतं. मुदतही दोन वर्षांच्या वर जात नाही. मॉड यातलं काय देतो?

परळ व्हाया चिपळूण: ‘वाळीत टाकणे’ विसरलात की राव. शॅडोबॅनमध्ये तुम्ही लिहिता, तुमचं तुम्हाला दिसतं, बाकी कुणाला दिसतच नाही. वाळीत टाकलेलं घरही गावातच असतं, फक्त कुणी ओ देत नाही. राज्याने 2016चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला तो याच छळापायी.

काळा कोट: जवळ आलात. पण वाळीत टाकल्याचं गावभर माहीत असतं. शॅडोबॅन ज्याच्यावर पडला त्यालाच पत्ता नसतो.

लालबाग, दुसरा माळा: भाच्यालाच विचारलं. म्हणाला, “मामा, आम्ही म्हणतो ‘मॉडने उडवला’.”

गिरगावकर: गेममध्ये शत्रूलाही उडवतातच ना? घोळ नाही होणार?

लालबाग, दुसरा माळा: नाही. शत्रू ‘स्नायपरने’ उडवतात, चॅटवाला ‘मॉडने’. कुणी उडवला ते सांगितल्याशिवाय पोरं वाक्यच पुरं करत नाहीत.