ऑगस्टीननं तिचं नाव का लिहिलं नाही?

शेवटचं पान : चौथ्या शतकातल्या ख्रिस्ती संत ऑगस्टीनचं आत्मकथन 'कन्फेशन्स' काल संपवलं. सोळाव्या वर्षी यानं टोळक्यासोबत रात्री नासपती चोरल्या. भूक नव्हती, घरी याहून चांगल्या होत्या, बहुतेक डुकरांपुढे टाकल्या. एवढ्यावर हा माणूस पानंच्या पानं लिहितो. आणि जिच्यासोबत पंधराएक वर्षं काढली, जिच्यापासून मुलगा झाला, तिचं साधं नाव नाही! मुलाचं आहे, अदेओदातुस. मिलानला आईनं स्थळ जमवलं तशी हिची आफ्रिकेत रवानगी. मुलगा ठेवून घेतला. नवरी वयात यायला दोन वर्षं होती, तेवढाही दम निघेना म्हणून यानं दुसरी बाई ठेवली. हा पश्चात्ताप देवापुढचा. तिच्यापुढचा नाही.

तळटीप : घाई होतेय. ज्या जिवलग मित्राच्या मरणानं तो वेडापिसा झाला, त्याचंही नाव नाही. मोनिकाचं, म्हणजे सख्ख्या आईचं, तेरा भागांत एकदाच येतं, नवव्याच्या शेवटी. शिवाय चढत्या नोकरीतल्या माणसानं आधी अशी बाई ठेवायची, मग मोठ्या घरची मुलगी करायची, ही तेव्हाची रीतच होती. तरी तो लिहितो की ती काळजाला चिकटलेली होती, तोडली तेव्हा रक्त वाहत राहिलं.

शेवटचं पान : रीत म्हणून सोडायचं, तर नासपती एवढ्या का मनाला लागल्या? पोरं फळं चोरतात, हीपण रीतच. आणि काळीज त्याचं, रक्त त्याचं. ती 'यापुढे दुसरा पुरुष नाही' अशी शपथ घेऊन गेली, हे एका वाक्यात उरकलंय.

ओसरी : त्याच वाक्यापाठोपाठ तो कबूल करतो की मला तिच्यासारखं वागता आलं नाही. बिशप झाल्यावर हे लिहायला छाती लागते. बागेत 'घे, वाच' असा आवाज ऐकून तो देवाकडे वळला ते 386 साली, पुस्तक त्यानंतर दहाएक वर्षांनी. ती तेव्हा जिवंत असेल तर? नाव झाकणं हाच मान असेल.

माजघर : आपल्याकडे ना. वा. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले, तेव्हा घरात काय कोसळलं ते लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त स्वतः सांगितलं. ते वाचून आलेल्याला ऑगस्टीनच्या पुस्तकात एक खोली बंद असल्यासारखी वाटते. लिहिणाऱ्याचा दोष म्हणा किंवा काळाचा.

तळटीप : लक्ष्मीबाई लग्नाची बायको होत्या, आणि पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या. ही तुलना ताणलेली आहे.

शेवटचं पान : ताणलेली असेल. आईचं नाव एकदाच येतं हे मात्र निसटलं होतं, नववा भाग पुन्हा काढतो. पण एकदा तरी येतं ना!