जाड भिंतींचं घर: मॉडेम बदलू, राउटर बदलू की दोन्ही?

जाडभिंत:
मंडळी, सल्ला हवाय. घर जुनं आहे. तळमजल्याच्या भिंती दगडी, चांगल्या दीड फूट जाड. खोल्या एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारख्या. वरचा मजला नंतर चढवलेला, मध्ये काँक्रीटचा स्लॅब. फायबर अगदी पुढच्या खोलीत येतं. मॉडेम आणि वायफाय एकाच डब्यात, तो दाराच्या वर ठोकलाय. त्याच्यासमोर बसलं की ३०० एमबीपीएस पुरेपूर मिळतात. मागच्या खोलीत मोबाइलवर दोन रेघा दिसतात, समोरच्याचा आवाज मला स्वच्छ येतो, पण माझं बोलणं त्यांना तुटक ऐकू जातं. वरच्या मजल्यावर तर आनंदच. रिपीटर (सिग्नल पकडून पुढे ढकलणारा डबा) लावून पाहिला: रेघा फुल, पेज मात्र उघडता उघडत नाही.

आठ अँटेनांचा गेमिंग राउटर घेऊ का? की नवा मॉडेमच? वायर ओढायला घरात कडाडून विरोध आहे, ते आधीच सांगून ठेवतो.

फुलरेंज:
तीन डब्यांचा मेश घ्या (डबे एकमेकांशी बोलून घरभर एकच वायफाय पसरवतात), विषय संपवा.

तारखेच:
घाई नको. मॉडेमला हात लावू नका. त्याच्यासमोर पूर्ण स्पीड येतोय म्हणजे तो त्याचं काम करतोय. शिवाय फायबरचा तो डबा सहसा सिरीयल नंबरानिशी कंपनीकडे नोंदलेला असतो. बाहेरून आणलेला जोडला की चालू होईलच असं नाही.

आता तुमच्या आवाजाचं. ही तक्रार मला फार बोलकी वाटली. राउटरचं फोनपर्यंत पोचतंय, फोनचं राउटरपर्यंत पोचत नाहीये. फोनचा ट्रान्समीटर मुळातच दुबळा, बॅटरीवर चालणारा. तुम्ही आठ अँटेना लावल्यात तरी फोनची ताकद तेवढीच राहणार. राउटरच्या ताकदीलाही कायद्याची मर्यादा असते, त्यामुळे खोक्यावरच्या 'लाँग रेंज'वर फार विसंबू नका.

वायफायच्या लहरींपैकी ५ गिगाहर्ट्झवाली जाड दगडातून जवळजवळ जात नाही. २.४ थोडं जास्त शिरतं, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि शेजारीपाजारी सगळे तिथेच गर्दी करून असतात. ६ गिगाहर्ट्झवाला महागडा राउटर तर तुमच्या घरात एका खोलीपुरताच उपयोगी.

रिपीटरच्या रेघा म्हणजे फोन ते रिपीटर एवढंच अंतर. रिपीटरच्या मागची बाजू कशी आहे ते त्या सांगत नाहीत. बिनतारी मेशचंही दुखणं तेच: दोन डब्यांना एकमेकांशी त्याच दगडातून बोलायचंय. तेव्हा घरच्यांची समजूत काढा आणि कॅट ६, म्हणजे नेटवर्कची इथरनेट वायर ओढा. एक मागच्या खोलीत, एक वर. दोन्ही टोकांना साधे अॅक्सेस पॉइंट (वायरीतून आलेलं नेट वायफायने देणारे डबे), वायफाय ६ पिढीचे असले की खूप झालं.

जाडभिंत:
भिंतीत केबल टीव्हीची जुनी जाड वायर पडून आहे, पुढून मागपर्यंत. तिचं काही होईल का? टीव्ही आता तिच्यावर नाही.

तारखेच:
अहो, हे आधी सांगायचंत! कोअॅक्स आहे ती. दोन टोकांना मोका अडॅप्टर (कोअॅक्सवरून नेट नेणारे डबे) लावा, इथरनेटसारखीच चालेल. मधे जुने स्प्लिटर (वायरीला फाटे फोडणारे) असतील तर काढून टाका. विजेच्या वायरिंगवरून नेणारे अडॅप्टरही मिळतात, पण जुन्या वायरिंगवर त्यांचा भरवसा धरू नका.

चॅनलसहा:
तारखेच यांच्याशी सहमत, फक्त एक पुरवणी. नवे डबे अॅक्सेस पॉइंट मोडमध्येच टाका, नाहीतर राउटरमागे राउटर होतो आणि प्रिंटर एका नेटवर्कवर, लॅपटॉप दुसऱ्यावर असा घोळ सुरू. नाव-पासवर्ड सगळीकडे एकच ठेवा. आणि पुढच्या डब्याची २.४ची पॉवर कमी करा. फोन फार चिवट असतात. मागे गेलात तरी पुढच्या मरतुकड्या सिग्नललाच धरून बसतात.

जाडभिंत:
खरेदीआधी चाचणी कशी करू? माळ्यावर एक जुना राउटर आहे.

तारखेच:
उत्तम. त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मुख्य डब्यापेक्षा वेगळा द्या, डीएचसीपी (बाकी उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, वायर वॅन (बाहेरचं नेट घेणाऱ्या) नव्हे तर लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टात घाला. जिन्यावरून लांब वायर नुसती मोकळी टाका आणि वरून व्हिडिओ कॉल लावा. घरच्यांनाच लावायला सांगा, विरोध तिथेच मावळेल.

जाडभिंत:
केलं. कॉल एकदम स्वच्छ. पण वायरीवरून स्पीड ९४च्या वर जात नाही.

तारखेच:
जुन्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतील, तर ९४ हेच त्याचं शिखर. पोर्ट गिगाबिट असतील तर वायरीचं टोक तपासा. आठपैकी एखादी तार टोकाच्या प्लगमध्ये नीट क्रिम्प झाली (दाबून बसली) नसली तरी हाच आकडा येऊ शकतो.

जाडभिंत:
पोर्टच १००चे निघाले. कोअॅक्स मागे, कॅट ६ वर, असं ठरलं. अट एकच: वरची वायर जिन्याच्या कठड्याखालून, पट्टीत, भिंतीच्याच रंगात.