मदत हवी आहे: पावसाळी शहर, २८० चौरस फुटांचे घर आणि न सरणारी ओल

नमस्कार मंडळी,

दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयतांनी मोठे घर सोडून २८० चौरस फुटांच्या एका खोलीवजा घरात राहायला सुरुवात केली. सामान कमी असावे, वीज कमी लागावी आणि आवरण्यात दिवस जाऊ नये एवढाच हेतू होता, आणि तो बऱ्याच अंशी साध्यही झाला. अडचण आहे ती पावसाची. आमच्या शहरात वर्षातील कित्येक महिने पावसाचेच असतात. जी ओल मोठ्या घरात कुठल्याशा कोपऱ्यात खपून जात असे, ती येथे अंथरुणापर्यंत येऊन पोहोचते.

चादरी रात्री सर्द लागतात. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवले आहे. गेल्या महिन्यात ते पुढे ओढले, तेव्हा त्याची पाठ आणि मागची भिंत दोन्ही काळपट बुरशीने भरलेली आढळली, आणि आतले लोकरीचे कपडे कुबट वासामुळे पुन्हा धुवावे लागले. धुतले, पण वाळवायचे कुठे? बाल्कनीत पावसाचे झोत येतात, म्हणून कपडे घरातच दोरीवर लावतो. ते वाळायला दोन दिवस लागतात आणि तोवर पुढची धुलाई येऊन ठेपते.

आतापर्यंत केलेले उपाय असे. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे कपाटात ठेवले. त्यांत पाणी साचते हे खरे, पण ते पाहता पाहता भरतात, आणि दर थोड्या दिवसांनी प्लास्टिकचा एक डबा टाकून देणे मनाला पटत नाही. भिंतीवर ओलरोधक रंग लावला, तर एका मोसमात त्याला फुगे आले आणि गिलाव्यासकट पोपडे सुटले. खिडक्या दिवसभर उघड्या ठेवून पाहिल्या. घरात ठेवलेला आर्द्रतामापक तरीही ७८ ते ८५ टक्क्यांच्या खाली उतरत नाही.

पत्नीचे म्हणणे असे, की हवेतील बाष्प काढणारे यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, घेऊन एकदाचे मोकळे व्हावे. माझी आडकाठी निव्वळ तत्त्वाची आहे असे तिला वाटते आणि त्यात तथ्य असेलही. मी बाल्कनीत पन्हळीखाली पिंप ठेवून संडासासाठी पावसाचे पाणी जमवतो. त्याच माणसाने आत वीज जाळून पाणी हाकलायचे, हे मला काहीसे हास्यास्पद वाटते.

माझे प्रश्न दोन. भिंतीतील ओल बाहेरून झिरपते आहे की आतल्या हवेतील बाष्पच तेथे धरते आहे, हे भिंत न फोडता कसे ओळखावे? आणि यंत्राविना या घरात आर्द्रता ताब्यात ठेवणे शक्य आहे का, की मी उगाच हट्ट धरून बसलो आहे? ‘मोठे घर घ्या’ हा सल्ला कृपया देऊ नये, तो नातेवाइकांकडून पुरेसा मिळाला आहे.

प्रतिसाद १

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. कपाट हलवून भिंतीचा तो भाग कोरड्या फडक्याने पुसा, त्यावर हातभर अॅल्युमिनियमची फॉइल लावून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि दोन दिवस तशीच ठेवा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूवर दव धरले, तर दोष आतल्या बाष्पाचा. भिंतीकडच्या बाजूला पाणी आढळले, तर ओल भिंतीतूनच येते आहे, आणि मग बाहेरचे तडे व पन्हळी दुरुस्त केल्याखेरीज आतला कोणताही रंग टिकणार नाही. तुमच्या रंगाला फुगे आले यावरून मला दुसरी शक्यता अधिक वाटते.

दुसऱ्या प्रश्नासाठी थोडा हिशेब मांडतो. २८० चौरस फूट आणि ९ फूट उंची म्हणजे सुमारे ७१ घनमीटर हवा. २५ अंश सेल्सिअसला एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प मावते, म्हणजे तुमच्या सगळ्या घराची धारणशक्ती १६०० ग्रॅमच्या आसपास. आर्द्रता ८० टक्के असताना त्यातील सुमारे १३०० ग्रॅम आधीच भरलेले असते, उरते जेमतेम ३०० ग्रॅमची जागा. आणि धुलाई यंत्रातून पिळून काढलेल्या पाच किलो कपड्यांतही दोन ते अडीच लिटर पाणी शिल्लक असते. ते जाणार कुठे? भिंतीत, गादीत आणि पुस्तकांत. शिवाय दोघांचा श्वास आहे, स्वयंपाक आहे. गॅसचेच पाहा, एक किलो एलपीजी जळताना दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते.

खिडक्या उघडूनही आकडा का उतरत नाही, याचे कारणही यातच आहे. बाहेर २४ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा घरात येऊन २७ अंशांपर्यंत तापल्यावर ७५ टक्के भरते. याहून कोरडी हवा वायुवीजनाने मिळूच शकत नाही. कपाटामागची भिंत मात्र बाहेरच्याइतकीच थंड राहते, तेथे तीच हवा पुन्हा ९० टक्क्यांवर जाते. पृष्ठभागावर ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकून राहिली की बुरशीला आणखी काही लागत नाही. म्हणून कपाट आतल्या भिंतीकडे न्या, तसे जमत नसेल तर मागे चार बोटे आणि खाली पायांची फट ठेवा.

प्रतिसाद २

यंत्राबाबत माझे मत पत्नीच्या बाजूने आहे, पण पूर्णपणे नाही. सबंध घर कोरडे करू नका. कपडे न्हाणीघरात टांगून दार लावा आणि यंत्र तेवढ्याच जागेत चालवा. लहान यंत्राला एक लिटर पाणी काढायला साधारण अर्धे ते पाऊण युनिट वीज लागते, म्हणजे एका धुलाईला एक ते जवळपास दोन युनिट. यंत्राची ऊब बंद जागेत कपड्यांच्या कामी येते, उघड्या खोलीत तीच ऊब नकोशी होते. त्याआधी धुलाई यंत्राची पिळणी सर्वांत वेगाच्या फेऱ्यांवर लावून पाहा. पाणी वाफ करून काढण्यापेक्षा पिळून काढायला कितीतरी कमी ऊर्जा लागते, आणि त्यासाठी नवीन वस्तू आणावी लागत नाही. डीह्युमिडिफायरमधून निघालेले पाणी पिण्यायोग्य नसते, पण तुमच्या पिंपात खुशाल ओता. पिंपाला बारीक जाळी मात्र बांधलेली असू द्या, डासांना आठ-दहा दिवस पुरतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. फॉइल दोन ठिकाणी लावून पाहिली. खिडकीजवळच्या जागी पाणी भिंतीकडून आले. बाहेर पाहिले, तर छज्जा आणि भिंत यांच्या सांध्यात लांबलचक तडा आहे. कपाटामागे मात्र दव खोलीकडच्या बाजूला होते. म्हणजे आजार दोन आहेत आणि मी दोन्हींवर एकच रंग फासत होतो.

पिळणी आजवर सर्वांत कमी फेऱ्यांवर लावलेली होती, कपडे विरू नयेत म्हणून. काल ती वाढवली आणि जाडसर कपडे वगळता बाकीचे एका दिवसात वाळले. यंत्र विकत घेण्यापूर्वी एका परिचितांकडून पंधरा दिवसांसाठी मागून आणणार आहे आणि न्हाणीघराचा प्रयोग करून आकडे येथे लिहीन.

एक शंका उरते. तड्याची दुरुस्ती पाऊस थांबेपर्यंत होणार नाही. तोवर तेथील सुटलेला रंग आणि गिलावा खरवडून भिंत उघडी ठेवावी, की आहे तसे राहू द्यावे? चुन्याच्या गिलाव्याचा अनुभव असलेल्यांनी अवश्य लिहावे.